आभाळातलं अर्धं बोलणं

माळेवाडी, ता. जत
९ ऑगस्ट २०२४

दादा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून लिवते. तब्येत कशी हाय? घशाचं ऑपरेशन झाल्यापास्नं तुमाला फोन करायचा म्हंजे मीच एकटीनं बोलायचं आन तुमी तिकडनं नख वाजवायचं, एकदा वाजलं की व्हय, दोनदा वाजलं की न्हाई. त्यात तुमच्या वाडीवर रेंज धरत न्हाई. त्यापरीस पत्र बरं. तुमचं अक्षर बघितलं की तुमचा आवाज कानात येतोय.

आज लिवायचं कारण प्रियदर्शनी. काल फोनवर म्हणाली, "आई, आज सकाळी मी विमान घेऊन तुझ्या डोक्यावरून गेले." दादा, मी तवा मोरीत भांडी घासत होते. पोटची लेक डोक्यावरनं गेली आन मला पत्ता न्हाई! तवापास्नं हातात काम घेतलं की हात थांबतोय. आता कुठं असंल, उतरली असंल का, वर वारं कसं असंल. तिचे वडील असते तर दोघांत वाटून घेतलं असतं. आता एकटीनं किती धरायचं? ती उतरली की फोन करती, तवर मी ताटावर बसत न्हाई. रोज चार-चार येळा चढती आन उतरती. एवढ्या खेपा एस्टीचा डायवर पण मारत न्हाई.

तुमी तिला एक पत्र लिवा. माझं ऐकत न्हाई, मामाचं ऐकंल. म्हणावं, हौस झाली, आता जमिनीवरची कसलीबी नोकरी बघ. तुमीच तिला उडायला पाठवली, तुमीच खाली आणा.

तुमची
मनू

◆

वरची वाडी, पाटण
२२ ऑगस्ट २०२४

चि. मनू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तब्येत बरी हाय, कराडच्या डॉक्टरनं तीन महिन्यांनी बोलावलंय. खायला येतंय, चालायला येतंय, फकस्त बोलायला येत न्हाई. एवढी वर्सं फौजेत सिग्नलला, वायरलेसवर बोलून बोलून काढली, आता देव म्हणतोय, सुभेदार, जरा ऐका.

प्रियदर्शनीला पत्र लिहीन. पण आधी माझी एक अट हाय. न बघता, न ऐकता माणसाचं काम बंद करायचं न्हाई. तू आधी तिचं काम ऐक. दिवाळीपर्यंत ऐक. त्यानंबी तुझं मन तेच म्हणालं, तर मी स्वतः लिहीन की पोरी, उतर खाली.

म्हणून पार्सलमधनं एक सेट पाठवलाय. ह्याला स्कॅनर म्हणत्यात. हातात मावतोय, वर काळी रबरी शेपटी हाय. ती एरियल. ती पिळून घट्ट बसव आन धरताना कायम उभी धर. आडवी धरलीस की कान कमी होतोय. बोलायचं बटण शोधू नगंस, ते न्हाईच. ह्याला तोंड न्हाई, नुसता कान हाय. माझ्यासारखा.

आता नीट वाच. रात्रभर चार्जिंगला लाव. वर दोन गोल बटणं हाईत. मोठं आवाजाचं. बारकं हाय त्याला स्क्वेल्च म्हणत्यात. ती चाळण समज. हवेत कायम खरखर असती, ती चाळण अडवती आन माणसाचा आवाज आत सोडती. चाळण लय मोठी ठेवलीस तर सगळा कचरा येईल, लय बारीक केलीस तर माणूसबी बाहेर राहील. खरखर जिथं नुकती थांबती, तिथंच बटण सोडायचं.

विमानं कुठल्या कुठल्या चॅनेलवर बोलत्यात ती मी आत भरून ठेवलीत. 'स्कॅन' लिहिलेलं बटण दाबलं की सेट एकेका चॅनेलचं दार वाजवत फिरतोय. कुणी बोलत असलं की तिथं थांबतोय, बोलणं संपलं की पुढं जातोय. आकडे पळताना दिसले म्हंजे बिघडलाय असं समजू नगंस, तो हिंडतोय.

एक चॅनेल मी सगळ्यांच्या वर ठेवलंय, एकशे एकवीस दशांश पाच. ते कायम गप असतंय. आभाळात कुणावर वाईट येळ आली की तो तिथं हाक मारतोय, म्हणून उडणाऱ्या सगळ्या विमानांचा एक कान त्याच्यावर असतोय. आपल्या सेटचाबी असू दे.

अजून एक. मुंबईचा माणूस, जो विमानांना वाट सांगतोय, तो तुला ऐकू येणार न्हाई. तो लांब जमिनीवर, मधी डोंगर. विमान उंच, म्हणून त्याचंच येईल. म्हंजे अर्धंच बोलणं ऐकू येणार. उरलेलं अर्धं आपण समजून घ्यायचं. आन ऐकलेलं पोटात ठेवायचं, गावभर करायचं न्हाई. पोलिसांची, फौजेची चॅनेलं मी ठेवलीच न्हाईत. दुसऱ्याच्या कामात कान घालायचा न्हाई.

लालासाहेब

◆

माळेवाडी
४ सप्टेंबर २०२४

दादा,

तुमचा सेट काय चालत न्हाई. चार्जिंग केलं, शेपटी बसवली, उभा धरला. नुसता खर्रर्र. शेजारची हरणाबाई मेंढरं घेऊन दारावरनं चालली होती, ती थांबून म्हणाली, "काय गं, आत ज्वारी भाजत्यात का?"

मग बारकं बटण पिळलं तर सगळंच गप. दिवसभर पत्र्याखाली देवासारखा पुढ्यात ठेवून बसले. आकडे पळत्यात, पळत्यात, थांबत न्हाईत. एकदा थांबला, मी धावत गेले, तर नुसतं गुंईं करत होता. परत परत तिथंच थांबून गुंईं. मला तर वाटलं, चेष्टा करतोय.

मला न्हाई जमायचं. तुमी आपलं पत्र लिवा तिला.

मनू

◆

वरची वाडी
११ सप्टेंबर २०२४

मने,

एवढ्यात शरण? पत्र्याखाली बसून आभाळ ऐकायचं म्हंजे घोंगडं पांघरून चांदण्या बघायच्या. बाहेर पड. घरामागं तुझा माळ हाय, पवनचक्क्यांचा. तिथल्या टेकावर जा. पवनचक्कीपास्नं मात्र लांब बस.

गुंईं करतंय ते तुझ्याच घरातलं. मोबाइलचा चार्जर न्हाई तर टीव्ही. माळावर ते जाईल. न्हाईच गेलं तर त्या चॅनेलवर आल्यावर 'एल/ओ' लिहिलेलं बटण दाब, सेट ते दार वाजवायचं सोडून देईल.

बटण पिळायचं ते गवारीची शेंग मोडल्यागत पिळू नगंस. केसाएवढं फिरव. आन दम धर. सिग्नलला पहिलं हेच शिकवत्यात, सेट चालू करणं सोपं, चालू ठेवून गप बसणं अवघड.

लालासाहेब

◆

माळेवाडी
२९ सप्टेंबर २०२४

दादा,

कुठनं सुरू करू?

तुमी सांगितलं तसं टेकावर गेले. हरणाबाई मेंढरं घेऊन तिथंच होती. बारकं बटण केसाएवढं फिरवलं आन खरखर एकदम थांबली. अशी शांतता मी कवा ऐकली न्हाई. मेंढरं गवत तोडत्यात तेवढाच आवाज. सेट आपला हिंडतोय. बसून बसून पायाला मुंग्या आल्या. हरणाबाई म्हणाली, "चल बाई, कुणी न्हाई वर."

आन सेट थांबला. एक बाप्या बोलला, हितं मांडीवर बसल्यासारखा. म्हणाला, "नमस्कार मुंबई."

दादा, मी उभी राहिले आन पदर डोक्यावर घेतला. हरणाबाई म्हणती, "कोण आलं?" मी म्हटलं, "माहीत न्हाई, वर हाय." दोघी वर बघतोय तर काहीच न्हाई, नुसतं निळं. तो इंग्रजीत आकडे सांगत होता. मग लय येळानं उगवतीकडं एक पांढरा ठिपका दिसला, त्याच्यामागं दोरा. आन तो डोक्यावरनं पुढं निघून गेला, तवा कुठं त्याचा घूंऽऽ असा आवाज खाली आला. आधी माणूस बोलला, मग दिसला, आन विमानाचा आवाज सगळ्यात शेवटी. आपल्याकडं पाऊस असा येतोय, आधी वास, मग ढग, मग थेंब.

आता मी रोज जाते. दादा, वर गर्दी हाय हो! आपण समजतोय आभाळ रिकामं. अरबांच्या मुलखातनं येत्यात, मलेशियाला जात्यात. कुणाचं बोलणं नाकातनं, कुणाचं घाईचं. पण मुंबईच्या हद्दीत शिरताना आपली माणसं नमस्कार म्हणत्यात, आन एकदा तर गोरा, आवाजावरनं गोराच, तो पण "नामास्कार" म्हणाला. हरणाबाई म्हणाली, "शिकलेला दिसतोय."

आन मंगळवारी ती आली. तिनं मला सांगितलं होतं सकाळी हैदराबादवरनं गोव्याला हाय म्हणून. मी तिला सेटचं काय सांगितलं न्हाई. बसले होते. सेट थांबला आन माझी पोर बोलली.

घरात ती कशी बोलती तुमाला ठाऊक हाय, "आई गं, ऐक की, आई गं", शब्दावर शब्द. वर तशी न्हाई. एकेक शब्द निवडून, पाण्यात दगड सोडल्यासारखा सोडती. मला इंग्रजी कळलं न्हाई. पण कुणीतरी तिला काय तरी सांगितलं असंल, तिनं ते परत म्हणून दाखवलं, आन मग गप. एवढंच. दादा, तो आपल्या प्रियाचा आवाज होता आन न्हवताबी. एवढी माणसं मागं बसवून एवढ्या शांतपणं बोलणारी ही बाई कोण? मी तिला कवा जन्म दिला?

ठिपका दिसला तवा मी हात हलवला. हरणाबाईनं पण हलवला.

भीती मात्र गेली न्हाई, खोटं कशाला बोलू. दिवाळीपर्यंत बघू.

मनू

◆

माळेवाडी
१९ ऑक्टोबर २०२४

दादा,

घाईत लिवतीया, अक्षर समजून घ्या. आज सकाळचं सांगते.

आज ती गोव्यावरनं मुंबईला जाणार होती. ती वाट तुमच्या बाजूनं जाती, पण एवढ्या उंचावरनं आमालाबी ऐकू येतंय. मी टेकावर होते. सेट एकदम थांबला. आकडा बघितला तर ते चॅनेल, तुमी कायम गप असतंय म्हणाला होता ते. आन त्यावर आपली प्रिया.

आधी इंग्रजीत बोलली. मग थांबली. मग दादा, मराठीत! म्हणाली, "घाबरू नकोस. मी आहे." मग थांबली. "रडू नकोस. आधी विमान सांभाळ." कुणाला म्हणत होती? दुसरं कुणीच ऐकू येत न्हवतं. "ढगात शिरायचं नाही, काही झालं तरी." मग म्हणाली, "तेल किती आहे?" आन लय येळ गप.

मला वाटलं मोठा पायलट बेशुद्ध पडला, आन कुणी नवखं माणूस चालवतंय आन माझी पोर त्याला शिकवतीया. न्हाई तर आधी विमान सांभाळ असं का म्हणंल? हरणाबाईनं मला धरून ठेवलं होतं. मधी काय तरी नदीचं बोलली, पुढचं बरंच वाऱ्यात गेलं. आन सगळ्यात शेवटी काय ऐकलं सांगू? "आता इंजिन बंद कर."

त्यापुढं काही नीट ऐकू आलं न्हाई. सेट गप.

मी टेकावरनं कशी उतरले मला ठाऊक न्हाई. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. देवापुढं बसले ते तिचा फोन आल्यावरच उठले. आन काय म्हणावं तिनं? "सगळं ठीक आहे आई, जरा उशीर झाला एवढंच. जेवलीस का?" मी म्हटलं, "काय झालं होतं वर?" तर म्हणाली, "वर काय होणार? काही नाही." खोटं बोलली, दादा. माझ्याशी.

मी तुमची अट पाळली. ऐकलं. आता तुमी तुमचा शब्द पाळा. आजच्या आज तिला लिवा.

मनू

◆

वरची वाडी
२४ ऑक्टोबर २०२४

मने,

तुझं पत्र आज मिळालं. आधी खाली बस. पाणी पी. मग वाच.

तुझ्या पोरीच्या विमानाला काहीच झालं न्हवतं. तू अर्धं ऐकलंस. उरलेलं अर्धं माझ्यापाशी हाय.

त्या दिवशी कोयनेचं खोरं ढगानं भरलं होतं. आमची वाडी उंचावर, त्यामुळं ढग आमच्या खाली, दुधाच्या परातीसारखे. मी अंगणात माझ्याजवळचा दुसरा सेट लावून दाढी करत होतो. त्या गप चॅनेलवर एक मुलगी बोलली. अगदी जवळनं, कारण ती हितंच डोंगरात होती, खाली. म्हणून तुला ऐकू आली न्हाई. विमान चालवायला शिकणारी पोर. बारकं विमान, एकटीच बसलेली. वारं आन ढग चुकवता चुकवता घाटावर आली आन वाट हरवली. इंग्रजीत सांगत होती, मी कुठं आहे ते मला कळत नाही. तिचा मास्तर जिथं होता तिथवर तिचा आवाज पोचत न्हवता. मुंबईपर्यंतबी न्हाई. परत परत हाक मारली. कुणी ओ देईना. मग बटण दाबलेलंच राहिलं असंल, ती स्वतःशी म्हणाली, "आई गं."

आन वरनं उत्तर आलं. आपली प्रिया. आधी इंग्रजीत बोलत होती, पण ते "आई गं" ऐकलं आन मराठीत आली. "घाबरू नकोस. मी आहे."

तिनं विचारलं, नाव काय. स्वप्नाली म्हणाली. विचारलं, ढगाच्या फटीतनं खाली काय दिसतंय? ती म्हणाली, पाणी दिसतंय, लांबलचक, दोन्ही बाजूला झाडी. प्रिया म्हणाली, "त्या पाण्याला धरून दक्षिणेला ये. पुढं भिंत दिसली की सांग."

मने, मला ते पाणी माहीत हाय. धरणाचा जलाशय. तिनं तिथनं काय करायचं तेबी मला माहीत होतं. धरणाच्या भिंतीखालनं नदी धरायची, हेळवाकला ती डावीकडं वळती, मग पाटण, मग कराड, ढग पाटणच्या अलीकडंच संपत्यात. मी हितं उभा, तोंडाला साबण, हातात सेट. सगळी वाट माझ्या पुढ्यात अन् सांगायला गळा न्हाई. आन गळा असता तरी हा सेट नुसता कान. मी तोंड उघडलं. गळ्याला ऑपरेशनचं भोक हाय, त्यातनं नुसती हवा आली. मी ओरडत होतो मने, नदी धर, नदी धर, आन कुत्र्यालासुदा ऐकू आलं न्हाई.

तेवढ्यात वरनं प्रिया म्हणाली, "भिंत दिसली? छान. आता नदी धर. थोडं पुढं गेलं की ती डाव्या हाताला वळते, तशी तू वळ. नदी सोडू नकोस. ती कराडला जाते."

माझ्या घशात अडकलेलं वाक्य आभाळातनं आलं. लहानपणी प्रिया सुट्टीला माझ्याकडं यायची तवा एस्टीच्या खिडकीत बसून विचारायची, "मामा, ही नदी आपल्याबरोबर कुठवर येणार?" मी सांगायचो, "कराडपर्यंत." मला आठवलंबी न्हवतं. तिच्या ध्यानात राहिलं असंल.

मुंबईचं बोलणं मला ऐकू येत न्हाई, पण प्रिया त्यांना इंग्रजीत सांगत होती त्यावरनं कळलं. तिच्या कॅप्टननं हितंच घिरट्या घालायची परवानगी मागितली. आन मी वर बघितलं, तर पांढरा दोरा सरळ यायचा तो वाकायला लागला. एवढं मोठं विमान, आत एवढी माणसं, एका हरवलेल्या पोरीसाठी डोंगरावर गोल फिरत होतं. फौजेत मी लय बघितलं. हे न्हाई बघितलं.

मग खालनं फुर्रर्र आवाज आला. खालनं, मने! मी कठड्याला गेलो. ढगाच्या कडेवर, नदीवर, ते बारकं विमान पाटणकडं चाललं होतं. मी त्याची पाठ बघितली. विमानाची पाठ माणसाला कवा दिसती? पंखांवर ऊन होतं. मी साबणासकट उभा राहून सॅल्यूट केला.

मग ती डोंगराआड गेली, मला तिचं ऐकू येईना. मला बी तुझ्यासारखं अर्धंच उरलं, नुसती प्रिया. "धावपट्टी दिसली? सरळ. घाई नको." गप. "उतरलीस?" गप. "शाब्बास. आता इंजिन बंद कर. आणि नुसती बसून राहा."

ते इंजिन बंद कर म्हंजे हे होतं, येडे.

तुझ्याशी खोटं बोलली खरं. पण तूबी तिला सेटचं सांगितलं न्हाईस. माझा शब्द मोडत न्हाई. तू परत म्हणालीस तर तिला लिहीन, उतर खाली. पण हे पत्र दोनदा वाच आन मग म्हण.

लालासाहेब

◆

माळेवाडी
२९ ऑक्टोबर २०२४

दादा,

दोनदा न्हाई, कितीदा वाचलं ठाऊक न्हाई. हरणाबाईला पण वाचून दाखवलं. ती त्या दिवशी माझ्याबरोबर होती, तिच्यापासनं काय लपवायचं? ती म्हणाली, "धुक्यात मेंढरू चुकलं की आमी असंच करतो. पळायचं न्हाई. एका जागी उभं राहून नुसता आवाज देत राहायचा."

मी त्या स्वप्नालीच्या आईचा विचार करते. ती त्या घटकेला काय करत असंल? भांडी घासत असंल. भाजी निवडत असंल. तिला काहीच ठाऊक न्हाई आन तिची पोर ढगात आई गं म्हणतीया. ते तिच्या कानावर गेलं न्हाई, माझ्या पोरीच्या कानावर गेलं. माझी पोर तिथं होती म्हणून ते कुणाच्या तरी कानावर गेलं, दादा.

तिला पत्र लिवू नका. लिवायचंच असंल तर लिवा की भाऊबीजेला दोघी येतोय. तिला सुट्टी मिळालीया. सेटचं मी तिला हितनं निघायच्या आधी सांगीन. रागावली तर रागावली.

तुमाला गोड खायची परवानगी हाय का? व्हय असंल तर उत्तरात एकच रेघ मारा.

मनू

◆

बेंगळुरू
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

तुम्ही पाटीवर लिहून दम दिला होता ना, की मेसेज चालणार नाही, पत्रच पाहिजे. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून एवढं हातानं लिहिलेलं नाही.

भाऊबीजेला सगळ्यांसमोर बोलता आलं नाही ते सांगते. तुम्ही समजता तेवढी मी शांत नव्हते. त्या दिवशी विमान कॅप्टन चालवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. स्वप्नाली म्हणाली "लांबलचक पाणी", तेव्हा मला खात्री नव्हती. घाटावर लांबलचक पाणी काही एकच नाही. वरून मला नुसता ढग दिसत होता. मी भिंतीचं विचारलं ते अंदाजानं. तिनं उत्तर देईपर्यंतचा तो वेळ, मामा, तो माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. भिंत दिसली नसती तर पुढं काय सांगायचं, मला माहीत नव्हतं. उतरल्यावर कॅप्टननी मला पाण्याची बाटली उघडून दिली, कारण माझ्या हातांना झाकण फिरेना. आईला हे काय सांगणार होते? म्हणून "काही नाही" म्हणाले.

स्वप्नालीनं नंतर फोन केला. तिच्या शिक्षकांनी तिला पुढच्याच आठवड्यात परत वर पाठवलं. आधी स्वतः शेजारी बसले, मग उतरून म्हणाले, आता एकटी जा. ती गेली.

आईनं सेटचं सांगितलं तेव्हा मी खरंच चिडले होते. कुणी आपल्यावर कान ठेवून बसलंय हे कुणाला आवडेल? पण पाटणला तुम्ही मला अंगणाचा तो कठडा दाखवलात, आणि मला पहिल्यांदाच उलटं दिसलं. आम्हाला वरून खालचं सगळं नकाशासारखं दिसतं, तपकिरी, हिरवं. तिथं एक माणूस साबण लावून उभा आहे आणि त्याला माझा शब्द न् शब्द ऐकू येतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी मी एकटी बोलत होते असं मला वाटत होतं.

माळेवाडीला परत आल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, आई मला टेकावर घेऊन गेली. हरणाबाई होत्याच. आईनं सेट लावला तो बघायला तुम्ही पाहिजे होतात. बारकं बटण असं फिरवते, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतेय.

बराच वेळ कुणी नव्हतं. मग एक आवाज आला. बाईचा, तरुण. दुसऱ्या कंपनीची, मी ओळखत नाही. पश्चिमेकडून आत येत होती. नेहमीचंच बोलली, उंची सांगितली, मिळालेली सूचना परत म्हणून दाखवली.

आई म्हणाली, "ही कुणाची गं?"

मी म्हटलं, "नाही माहीत."

"हिच्या आईला ठाऊक असंल का, ही आता हितनं चाललीया?"

"कसं असेल?"

आई उठली. ठिपका दिसल्यावर तिनं हात वर केला, आणि तो लांब जाऊन दिसेनासा झाला तरी हात तसाच. मग परत खाली बसली, सेट मांडीवर घेऊन. ऊन चढलं होतं, मला बॅग भरायची होती. मी म्हटलं, "आई, चल आता. ती कुठं उतरणार ते आपल्याला इथं ऐकू येणार नाही."

"न्हाई आलं तर न्हाई," आई म्हणाली. "ती उतरंल तवर थांबाय काय जातंय आपलं?"

मग आम्ही तिघी थांबलो.

तुमची
प्रिया